गठाण, पाट आणि रूळ

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की त्यातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. उरलेली जवळजवळ सगळी सरकी. १७० किलोची एक गठाण बांधायची तर पाच क्विंटल कापूस लागतो. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, त्वरिता देवीच्या तलवाड्याच्या आसपास, काळ्या रानात हा कापूस पिकतो. हिशेब सोपा आहे. पण त्या एका गठाणीसाठी आधी काय काय उभं असावं लागतं, याचा माग काढत गेलं की मती गुंग होते. आणि बघता बघता आपण अर्थशास्त्रातल्या एका फार मोठ्या प्रश्नापाशी येऊन पोचतो: एखादा मुलूख वर येतो आणि त्याच्या शेजारचा तसाच राहतो, हे घडतं कसं?

जिनचं यंत्र एकदा जवळून पाहावं. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर गरगर फिरत असतात. रोलरला चिकटून एक स्थिर पाती असते आणि तिच्यासमोर दुसरी पाती भराभर वर-खाली होत असते. कापसाचं बोंड वरून पडलं की चामडं त्याचे तंतू पकडून पातीखालून ओढून घेतं. सरकी मात्र जाड. ती पातीपाशी अडते. तेवढ्यात हलती पाती तिला ठोसा मारते आणि ती सुटून खाली पडते. एका बाजूला रुईचा पांढरा पट्टा, दुसऱ्या बाजूला सरकीचा पाऊस. तंतू तुटत नाही, बी फुटत नाही. मिनिटाला शेकडो वेळा हे घडत असतं आणि पाहणाऱ्याला फक्त एक धडधड ऐकू येते.

ती धडधड थ्री फेज विजेवर चालते. विजेचा दाब घसरला की मोटार तापते, रोलर मंदावतो, दारात कापसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते. वीज यायची तर उपकेंद्र लागतं. कापूस यायचा तर रस्ता लागतो, आणि तो नुसता असून भागत नाही, भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली टिकणारा लागतो. कापूस पिकायचा तर पावसाच्या भरवशावर किती आणि पाटाच्या पाण्यावर किती, हा प्रश्न येतो. मग साहजिक वाटतं, आधी या सोयी कराव्यात, उद्योग मागून येतीलच. पण सरकारी तिजोरीच्या बाजूने पाहा. ज्या गावात वीज घेणारा एकही कारखाना नाही, तिथे कोट्यवधींचं उपकेंद्र कुणाच्या जिवावर बांधायचं? उद्योग नाही म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून उद्योग नाही.

पॉल रोझेनस्टाइन-रोडान या अर्थतज्ज्ञाने १९४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, पूर्व आणि आग्नेय युरोपातल्या गरीब देशांविषयी एक लेख लिहिला. त्याने बुटांच्या कारखान्याचं उदाहरण घेतलं. गरीब मुलखात एकट्याच कारखान्याने कामगार लावले, तर ते कामगार आपला सगळा पगार काही बुटांवर खर्च करणार नाहीत. कारखान्याचा माल पडून राहील. पण एकदम अनेक कारखाने निघाले तर एकाचे कामगार दुसऱ्याचे गिऱ्हाईक होतील आणि सगळेच तगतील. त्याचा दुसरा मुद्दा आपल्याकडे जास्त लागू पडतो. सोयी तुकड्यातुकड्यांनी उभ्या करता येत नाहीत. गेवराईहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शहागडला गोदावरी ओलांडावी लागते. तिथला पूल अर्धा बांधून अर्धा फायदा मिळत नाही. नदी पार करता येते किंवा येत नाही. म्हणून सुरुवातीचा खर्च नेहमी छाती दडपवणारा असतो, आणि तो करायला बाहेरून जोर लावावा लागतो.

हा जोर कधी लागला, यावर पुढचं किती अवलंबून असतं, ते बघायला युरोपात जायला नको. नकाशावर शेजारी असलेले दोन मुलूख घ्या. नीरेचा डावा कालवा १८८५ चा. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. हा सगळा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्याचा भाग. पाटाचं पाणी आलं, ऊस आला; १९३२ मध्ये साखरधंद्याला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि खाजगी कारखाने निघाले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. कारखान्याभोवती रस्ते झाले, उपसा सिंचन झालं, दवाखाने, शाळा, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयं झाली. सोय उद्योगाला जन्म देते आणि उद्योग पुढच्या सोयीचे पैसे उभे करतो, हे तिथे अक्षरशः घडलं.

गेवराई त्या काळात निजामाच्या राज्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. गोदावरी उशाला वाहत होती, पण तिचं पाणी अडलं नव्हतं. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. भंडारदरा १९२६, जायकवाडी १९७६. बरोबर पन्नास वर्षांचं अंतर.

पन्नास वर्षं म्हणजे दोन पिढ्या. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली होती: एकदा पुढे गेलेला प्रदेश माणसं, पैसा आणि हुशारी स्वतःकडे खेचत राहतो, त्यामुळे मागे राहिलेला आणखी मागे पडतो. चाक फिरतं, पण दोन्ही दिशांना. बीड जिल्ह्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन निघतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. ज्या कालव्यांनी तिकडे ऊस आणला, त्याच कालव्यांनी इकडची माणसं तिकडे ओढून नेली. कोयता हातात घेणाऱ्या बाईच्या कष्टांचं मूळ कुठल्या तरी जुन्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीत आहे, हे लक्षात आलं की मला तरी स्वस्थ बसवत नाही. महाराष्ट्राने हे अंतर मोजायचाही प्रयत्न केला. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, वीज, पाणी अशा एकेका गोष्टीत कुठला जिल्हा किती मागे आहे ते रुपयांत मांडलं. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून मराठवाड्याच्या घरोघरी गेला.

आता जायकवाडीकडेच जरा निवांत पाहू, कारण या एका धरणात सगळी गोष्ट साठलेली आहे. पैठणजवळ नाथसागर पसरला आहे. धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे २७. उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. इथून दोन कालवे निघतात. डावा २०८ किलोमीटर, जालना-परभणीकडे. उजवा १३२ किलोमीटर. तो गेवराई तालुक्यातून जातो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणापर्यंत पोचतो. म्हणजे एका धरणाचं पाणी दुसऱ्या धरणात जाऊन पडतं आणि तिथून पुढच्या कालव्याला लागतं. कुठल्याही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. एवढ्या लांब पल्ल्यात पाणी थांबू नये आणि धावत सुटून काठही कापू नयेत, असा उतार त्या वेळच्या अभियंत्यांनी जमिनीवर आखून काढला. पाण्याची पाळी सुटली की कुठल्या तरी चारीवर ते पाणी गढूळ, फेसाळ, पुढे पालापाचोळा ढकलत येतं. ते पाहताना त्या आखणीचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

त्याच नाथसागरातून दुसऱ्या दिशेला पाइपलाइन जाते. छत्रपती संभाजीनगर शहर आणि त्याभोवतीच्या औद्योगिक वसाहती हेच पाणी वापरतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १९६२ मध्ये स्थापन झालं तेव्हा त्याची युक्ती साधी होती. आधी जमीन, रस्ता, पाणी, वीज तयार ठेवायची आणि मग उद्योजकाला बोलवायचं. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मोठा कारखाना आला की त्याला सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने भोवती येतात. तिथे कुशल कामगार तयार होतात, आणि त्या कामगारांसाठी मग पुढचा मोठा कारखाना येतो. आता शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची नवी औद्योगिक नगरी उभी राहते आहे. तिची तहानही जायकवाडीच भागवणार. पन्नास वर्षांपूर्वी शेतीसाठी म्हणून अडवलेल्या पाण्याने शहर घडवलं, उद्योग घडवला, आणि आता त्याच पाण्यावर कुणाचा हक्क पहिला यावरून दर दुष्काळात भांडण होतं. हे भांडण लहान समजू नका. सोयीने आणलेला उद्योग जेव्हा त्या सोयीलाच अपुरं पाडतो, तेव्हा पुढची सोय वेळेवर झाली नाही तर चाक अडतं.

ते अडलेलं आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. परळीला औष्णिक वीज केंद्र झालं, कारण तिथे निजामाच्या काळापासून रेल्वे होती आणि कोळसा रेल्वेने येतो. पण वीज केंद्राला कोळशाइतकंच पाणीही लागतं. बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, मग त्या वाफेला थंड करायला आणखी पाणी. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे ११३० मेगावॅटचं ते केंद्र बंद ठेवावं लागलं. एक पाऊस नीट पडला नाही आणि पाणी, वीज, कारखाना, पगार अशी सगळी ओळ एकामागून एक थांबली. आणि याच केंद्राची दुसरी बाजू पाहा: कोळसा जळून उरणारी राख, जी एरवी डोकेदुखी, तिच्यावर परळीच्या आसपास विटांचा धंदा उभा राहिला. एका उद्योगाचा उकिरडा दुसऱ्याचा कच्चा माल झाला.

अशा साखळ्यांचा शोध अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ मधल्या आपल्या पुस्तकात घेतला. त्यांचं म्हणणं असं, की कुठलाही उद्योग एकटा येत नाही; त्याचे काही दुवे मागे जातात, काही पुढे. सरकीचं बघा. सरकी तेलगिरणीत गेली की तेल निघतं आणि पेंड उरते. पेंड गाई-म्हशींना लागते. दूध वाढलं की संकलन केंद्र लागतं, दूध थंड करायला वीज लागते, ते टँकरने न्यायला रस्ता लागतो. रुईचा पुढचा दुवा म्हणजे सूत, मग कापड, मग कपडे. दर दुव्यावर मजुरी आहे आणि नफा आहे. म्हणून कुठला दुवा आपल्या गावात तुटतो आणि कुठला दुसऱ्या राज्यात जाऊन जोडला जातो, हा फार गंभीर प्रश्न आहे.

महाराष्ट्राच्या रुईचा बराच भाग सुतासाठी राज्याबाहेर जातो, त्यात तमिळनाडूच्या गिरण्याही आल्या. इथल्या कापसाचं सूत हजारभर किलोमीटर दूर का निघावं? उत्तर निलगिरीच्या डोंगरात आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पैकारा जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि कोइम्बतूरला स्वस्त वीज मिळाली. बघता बघता सूतगिरण्या वाढल्या. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करायला कार्यशाळा निघाल्या. दुरुस्ती करता करता लोक यंत्रं बनवायला शिकले. १९३७ च्या सुमारास जी. डी. नायडूंसारख्या कल्पक माणसांनी तिथे विजेची मोटार तयार केली. मोटारीला पंप जोडला की विहिरीचं पाणी वर आलं. पाण्याने शेती वाढली, शेतीने विजेची मागणी वाढवली. १९६२ पासून तर तिथेच सूतगिरण्यांची यंत्रं बनवणारा मोठा कारखाना चालू आहे. एका धबधब्यापासून निघालेला धागा सूत, लोखंड, पाणी आणि परत सूत असा फिरत आला. अर्थशास्त्रात याहून सुंदर गोष्ट मी वाचलेली नाही. आपल्याकडेही तिचं भावंड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखाना थाटला. ती जागा कुंडल रोड रेल्वे स्थानकाला लागून होती. लोखंडी नांगरापासून ते पंपापर्यंत पोचले, आणि त्या स्थानकालाच पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळालं.

उद्योग सोयीला उलट काय देतो, हे पाहायला साखर कारखाना उत्तम. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि तोडल्यावर त्यातली साखर लगेच घटू लागते. म्हणून चोवीस तासांच्या आत गाळप व्हावं असा सगळ्यांचा आटापिटा असतो. गाडीबैल आणि ट्रॅक्टर दिवसात पोचतील एवढ्याच टापूतला ऊस कारखान्याला परवडतो, म्हणजे रस्ता जितका चांगला, तितकं कारखान्याचं कार्यक्षेत्र मोठं. गेवराई तालुक्यात गढीला जय भवानी सहकारी साखर कारखाना आहे, तो याच हिशेबाने उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्राशी बांधलेला. रस निघाल्यावर उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास बगॅस उरतो. जास्त दाबाचे बॉयलर बसवलेले कारखाने तो जाळून स्वतःची गरज भागवतात आणि उरलेली वीज जाळ्यात सोडतात. म्हणजे ज्या तारेतून वीज घ्यायची, त्याच तारेला परत वीज द्यायची. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात उसाला एवढं पाणी द्यावं का, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुष्काळी पट्ट्यात ठिबकशिवाय ऊस नको, आणि कापसाचे पुढचे दुवे आधी बांधावेत. एका टिपूस पाण्यामागे मजुरी कापूस आणि कापडात जास्त आहे.

राहिला रूळ. डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञाने ब्रिटिश काळातल्या भारतीय रेल्वेचा अभ्यास केला. रेल्वेने माल वाहण्याचा खर्च नेमका किती कमी केला, हे मोजायला त्याने मीठ वापरलं. मिठाच्या प्रत्येक प्रकाराचा उगम एकाच ठिकाणी होता, म्हणून उगमापाशीची किंमत आणि दूरच्या बाजारातली किंमत यांतला फरक म्हणजे वाहतुकीचा खर्च. जुन्या नोंदवह्यांतल्या मिठाच्या भावांवरून त्याने रूळ मोजले! निष्कर्ष असा, की रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यात शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं.

गोदावरीच्या पलीकडे जालन्याला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मनमाड-हैदराबाद मार्गावर, रेल्वे आली. आज जालना बियाण्यांचं आणि लोखंडी सळ्यांचं शहर आहे. महिको या बियाणे कंपनीची सुरुवात तिथे १९६४ मध्ये झाली. याला रेल्वे हे एकमेव कारण नाही, ती उभी करणाऱ्या बद्रीनारायण बारवाल्यांसारखी माणसंही लागतात. पण नदीच्या अलीकडे बीड शहर बिनरुळाचं राहिलं. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, तेव्हा अंदाज साधारण साडेतीनशे कोटींचा होता. पुढे तो चार हजार कोटींच्या वर गेला. २०२२ च्या सप्टेंबरात आष्टीपर्यंत गाडी आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. ती पाहायला माणसं लोटली होती, आणि तो आनंद खरा होता.

फक्त उतारूंच्या गाडीने चाक फिरत नाही. बीडची गाडी माणसांना बाहेर नेईल, आणि बाहेरच कामं असतील तर माणसं बाहेरच राहतील. माल हलू लागला तर मात्र हिशेब बदलतो. म्हणून तलवाडा, गेवराई, माजलगाव, वडवणी इथल्या वाचकांना माझं सांगणं आहे: गाड्यांच्या वेळा आणि थांबे मागताना त्याच निवेदनात मालधक्का मागा, गठाणी ठेवायला गोदाम मागा, गेवराईहून स्थानकापर्यंत भरला ट्रक पेलणारा रस्ता मागा, आणि सूतगिरणीसाठी जागा मागा. परळीपर्यंतचा तुकडा लवकर पूर्ण करण्याचाही आग्रह धरा. पन्नास वर्षं थांबून काय होतं ते आपल्याला माहीत आहे.